मोटारसायकलवरचा कॅमेरा : निवड आणि बैठक

१. पहिला प्रश्न आणि खरा प्रश्न

“मोटारसायकलवर लावायला कोणता कॅमेरा घ्यावा?” हा प्रश्न अलीकडे महाविद्यालयीन तरुणांप्रमाणेच निवृत्तीनंतर बुलेट घेऊन कोकणात उतरणारे गृहस्थही विचारू लागले आहेत, आणि विचारणाराची अपेक्षा बहुधा अशी असते की, उत्तरादाखल एखाद्या कंपनीचे नाव व एखादी किंमत आपल्या पदरात पडावी. परंतु ज्यांनी भारी किमतीचा कॅमेरा हौसेने विकत घेतला, तो हँडलवर आवळला, ताम्हिणी घाटातून एक फेरी मारली आणि घरी येऊन चित्रण पडद्यावर लावल्यावर रस्त्याकडेचे सरळसोट विजेचे खांब जागच्या जागी वळवळताना पाहिले, त्यांचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. ते विचारतात, “कॅमेरा इतका उत्तम, मग चित्र असे का?”

या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. मोटारसायकलवरील चित्रणाचा बरेवाईटपणा कॅमेऱ्याच्या किमतीवर जितका अवलंबून असतो, त्याहून कितीतरी अधिक तो कॅमेऱ्याच्या बैठकीवर, म्हणजे तो कोठे, कशाने आणि किती पक्का बसवला आहे यावर अवलंबून असतो. मध्यम किमतीचा कॅमेरा योग्य जागी नीट बसवला, तर तो अयोग्य जागी बसवलेल्या सर्वोत्तम कॅमेऱ्याहून सरस काम देतो, ही गोष्ट प्रारंभीच स्पष्टपणे सांगून ठेवतो. कारण पुढील विवेचनाचा सारा रोख तिच्याकडेच आहे.

धावत्या मोटारसायकलवरून चित्रण करण्याची हौस मात्र आजची नव्हे. ब्रूस ब्राउन या अमेरिकन दिग्दर्शकाने १९७१ साली ‘ऑन एनी संडे’ हा मोटारसायकल-शर्यतींवरील अनुबोधपट पूर्ण केला, तेव्हा स्वाराच्या दृष्टीने शर्यत दाखवावी म्हणून फिल्मचा बोजड कॅमेरा हेल्मेटवर चढवण्याचा खटाटोप त्याने केला होता. पुढे तीन दशकांनी निक वुडमन या कॅलिफोर्नियातील तरुणाने समुद्राच्या लाटांवर स्वार असताना स्वतःचे छायाचित्रण करता यावे या इच्छेने २००२ मध्ये ‘गोप्रो’ ही कंपनी काढली. २००४ साली तिने विकायला आणलेला पहिला कॅमेरा मनगटाला बांधायचा असून ३५ मिलिमीटर फिल्मवर चालत असे. आज आपण ज्याला ॲक्शन कॅमेरा म्हणतो, त्या मुठीत मावणाऱ्या यंत्राची वंशावळ ही अशी आहे.

२. आठवण हवी की साक्ष?

कॅमेरा निवडण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे, याचा निवाडा झाला पाहिजे. स्वार चित्रण करतो ते मुख्यतः दोन हेतूंनी. एक, प्रवासाची आठवण राहावी आणि आपल्या माणसांना तो रस्ता, तो पाऊस, ते धुके दाखवता यावे; दुसरा, दुर्दैवाने अपघात वा तंटा उद्भवलाच तर काय घडले याची निःपक्षपाती साक्ष आपल्यापाशी असावी. या दोन हेतूंच्या मागण्या परस्परविरोधी आहेत, आणि एकाच कॅमेऱ्याने दोन्ही भागवू पाहणारा मनुष्य बहुधा दोन्हींना मुकतो.

एका लहान हिशेबाने हे पटेल. मोटारीच्या उच्च सुरक्षा नोंदणी फलकाची लांबी ५०० मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर असते. ‘४के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्राच्या रुंदीत ३८४० बिंदू असतात. कॅमेऱ्याचे भिंग आडव्या दिशेने १२० अंशांचा देखावा टिपत असेल, तर सरासरीने प्रत्येक अंशाच्या वाट्याला ३२ बिंदू येतात. दहा मीटरांवरील मोटारीचा फलक आपल्या नजरेत सुमारे तीन अंश व्यापतो, तेव्हा त्याच्या वाट्याला ९० च्या आसपास बिंदू आले. फलकावर अक्षरे आणि अंक मिळून दहा चिन्हे धरली, तर एका चिन्हाला रुंदीत नऊ बिंदू मिळतात. इतक्यात ते कसेबसे वाचता येते. तीच मोटार वीस मीटरांवर गेली की चिन्हाला चार-पाच बिंदूच उरतात आणि वाचन खुंटते. ज्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० बिंदूंची, त्याची ही अवस्था दहा मीटरांवरच होते. उलट भिंगाचा कोन ८० अंशांवर आणला, तर अंशाला ४८ बिंदू मिळतात आणि वीस मीटरांवरील फलकही वाचण्याच्या उंबरठ्यावर येतो.

तात्पर्य, साक्षीसाठी कोन अरुंद हवा. आठवणीसाठी मात्र तो विस्तृत हवा. कारण दोन्ही बाजूंची झाडी, डोंगराची कड आणि दरी एकाच वेळी चौकटीत आली म्हणजेच पाहणाराला घाटात असल्यासारखे वाटते, आणि कडेने झपाट्याने मागे सरकणाऱ्या वस्तूंमुळे वेगाचा भास होतो. साक्षीचा कॅमेरा स्वाराने लक्षात ठेवून सुरू करावा लागता कामा नये, किल्ली फिरताच तो आपोआप सुरू झाला पाहिजे. आठवणीचा कॅमेरा मात्र हवा तेव्हाच सुरू केलेला बरा. म्हणून ज्यांना मुख्यतः साक्ष हवी, त्यांनी दुचाकीसाठी मिळणारा डॅशकॅम घ्यावा. त्यात पुढे-मागे दोन छोटी भिंगे आणि आसनाखाली मुद्रणपेटी अशी रचना असते, व कार्ड भरले की जुने चित्रण पुसून नवे लिहिण्याची सोय असते. ज्यांना आठवण हवी त्यांनी ॲक्शन कॅमेरा घ्यावा.

मोबाइल फोनचे काय, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर नकाराचे आहे. पुष्कळ फोनांमध्ये भिंग चुंबकीय आधारावर सूक्ष्म प्रमाणात तरंगते ठेवून हाताचा कंप भरून काढलेला असतो, आणि ही नाजूक रचना एंजिनाच्या अखंड थरथरीने बिघडू शकते. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना लेखी सूचना देऊन शक्तिशाली मोटारसायकलींवर आयफोन थेट बसवू नये असे कळवले होते. रस्ता दाखवण्यासाठी फोन हँडलवर लावायचाच असेल, तर कंप शोषणाऱ्या आधारावर लावावा, आणि चित्रणाचे काम त्याच्यावर मुळीच सोपवू नये.

३. खांब का वळवळतात?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मोटारसायकलचे एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ५० फेरे झाले. आणि एकाच सिलिंडरच्या एंजिनात दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात एकदा वर जाऊन खाली येत असल्याने सांगाड्याला सेकंदाला ५० वेळा हिसका बसतो. या सेकंदागणिक आवर्तनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. म्हणजे आपला मुख्य कंप ५० हर्ट्झचा झाला. हा हिसका मारण्यासाठी काही एंजिनांत उलट दिशेने फिरणारा तोलदंड बसवलेला असतो. रॉयल एनफील्डच्या ३५० सीसी एंजिनात तो २०२० च्या ‘मीटिऑर’पासून आला, आणि त्यापूर्वीच्या बुलेटवर व नंतरच्या गाडीवर तोच कॅमेरा लावून पाहिल्यास चित्रातला फरक साध्या डोळ्यांनाही जाणवतो.

परंतु कंप तर डोळ्यांनाही बसतो. मग आपल्याला खांब वळवळताना का दिसत नाहीत? याचे कारण कॅमेऱ्याच्या चित्र घेण्याच्या पद्धतीत आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टिका संपूर्ण चित्र एका क्षणी उचलीत नाही, तर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकामागून एक ओळ वाचीत जाते. पंगतीत वाढपी पहिल्या पानापासून वाढायला लागतो आणि शेवटच्या पानापर्यंत पोचेतो पहिल्या पानावरचा भात अर्धा संपलेला असतो. त्या क्षणी पंगतीकडे पाहिले तर प्रत्येक पान वेगळ्या वेळेची हकिकत सांगते. चित्राच्या ओळींचेही तसेच आहे. वरची ओळ टिपली गेली तेव्हा कॅमेरा डावीकडे झुकलेला होता, मधली टिपली गेली तेव्हा उजवीकडे, आणि खालची टिपली जाईपर्यंत तो पुन्हा डावीकडे परतला. परिणामी एकच सरळ खांब ओळीओळीने सरकून नागमोडी होतो.

आकड्यांत सांगायचे तर, एक चित्र वाचायला सेकंदाचा साठावा भाग लागतो असे धरू. ५० हर्ट्झच्या कंपाचे एक आवर्तन सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरे होते. म्हणजे एक चित्र वाचून होईपर्यंत कॅमेऱ्याने आवर्तनाचा पाच षष्ठांश भाग, जवळजवळ एक पूर्ण झोका, घेतलेला असतो. खांबात एक वळण दिसते ते यामुळे.

४. लांब हात, दुबळी पकड

कंप एंजिनातून येतो हे खरे. पण तो कॅमेऱ्यापर्यंत पोचताना कमी व्हायचा की अनेक पटींनी वाढायचा, हे ठरवणारी वस्तू म्हणजे मधला आधार. सारा विषय या एका जागी येऊन ठेपतो, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

आधारावर बसवलेल्या कॅमेऱ्याला बोटाने टिचकी मारली, तर तो एका ठरावीक गतीने थरथरून शांत होतो. ही त्या जोडीची स्वाभाविक वारंवारता. आधार जितका ताठ, तितकी ती अधिक. कॅमेरा जितका जड, तितकी ती कमी. एंजिनाचा कंप आणि ही स्वाभाविक वारंवारता जुळली की प्रत्येक हिसका नेमका आधीच्या थरथरीत भर घालतो आणि कॅमेरा बेभान हलू लागतो. पदार्थविज्ञानात या घटनेला अनुनाद म्हणतात. “पन्नासच्या वेगाला चित्र खराब येते, पण सत्तरला ठीक येते,” अशी तक्रार अनेक जण करतात, आणि तिचा खुलासा हाच आहे.

आता आधाराच्या लांबीचा परिणाम पाहा. एका टोकाला पकडलेल्या दांडीची लांबी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही. तो एक अष्टमांश होतो. स्वाभाविक वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, तेव्हा ती सुमारे ३५ टक्क्यांवर येते. समजा, आखूड आधारावर ती १२० हर्ट्झ होती. ती गाठायला एंजिनाला मिनिटाला ७२०० फेरे घ्यावे लागतील, आणि बुलेटसारखे संथ एंजिन तिथवर कधीच जात नाही. हौसेने आपण आणखी एक जोडतुकडा घालून हात दुप्पट लांब केला. वारंवारता ४२ हर्ट्झवर उतरली, म्हणजे मिनिटाला २५२० फेरे. आणि अशी गाडी रमतगमत चालवताना एंजिन अगदी याच टापूत असते. एका जोडतुकड्याने निर्दोष आधार सदोष करून टाकला! कॅमेऱ्याच्या खोक्यात असे तीन-चार तुकडे येतात आणि ते सगळे वापरण्याचा मोह होतो, म्हणून हे इतके विस्ताराने सांगितले.

यातून बचावाचे दोन मार्ग निघतात. एक, आधार आखूड, जाड आणि शक्यतो धातूचा ठेवून स्वाभाविक वारंवारता एंजिनाच्या आवाक्याबाहेर वर नेऊन ठेवणे. दुसरा, मुद्दाम मऊ रबराच्या गोट्या घालून ती इतकी खाली आणणे, की एंजिनाचा कंप तिच्यापेक्षा बराच वर राहील. कंपाची वारंवारता आधाराच्या स्वाभाविक वारंवारतेच्या १.४ पटीपुढे गेली की मगच रबर कंप अडवू लागते, त्याआधी ते तो वाढवते. पहिल्या मार्गाने खांबांची वळवळ सौम्य होते पण सूक्ष्म थरथर राहते. दुसऱ्याने ती थरथर जाते, परंतु खड्ड्यातून जाताना कॅमेरा डुलतो. आपल्या रस्त्यांचा विचार करता हलक्या कॅमेऱ्यासाठी मी पहिला मार्ग अधिक पसंत करतो. मधला मार्ग, म्हणजे धड ताठ नाही आणि धड मऊ नाही असा लवचीक प्लॅस्टिकचा हात, सर्वांत वाईट. आणि बाजारात स्वस्तात मिळतो तो नेमका हाच.

५. जागेची तपासणी

हँडल ही सर्वांच्या मनात प्रथम येणारी जागा. तेथे नळी गोल, सामान्यतः २२ मिलिमीटर व्यासाची असते (काही साहसी गाड्यांवर मधला भाग २८ मिलिमीटरचा असतो, तेव्हा क्लॅम्प घेण्यापूर्वी मोजून पाहावे), आणि पकड सहज बसते. परंतु हँडलची टोके मोकळी असल्याने मुठीजवळ कंप सर्वाधिक, तर मध्यभागी, जेथे हँडल पुढच्या दांड्यांवर आवळलेले असते तेथे, तो सर्वांत कमी असतो. शिवाय हँडलवरचा कॅमेरा वळणावर हँडलबरोबर वळतो. आरशाच्या दांडीवर मात्र कॅमेरा कधीही लावू नये. आरसाच जेथे थरथरून धूसर दिसतो, तेथे कॅमेऱ्याने स्थिर राहावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

लेगगार्डवरून रस्त्याच्या अगदी जवळचे, वेगाचा थरार दाखवणारे चित्र मिळते, आणि चिखलही तितकाच मिळतो. पेट्रोलच्या टाकीवर चूषकाने कॅमेरा चिकटवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. आपल्याकडील ऊन आणि धूळ पाहता तिच्यावर भरवसा ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मागच्या आसनाच्या कॅरिअरवर मागे तोंड करून लावलेला कॅमेरा फारच कमी लोक वापरतात. मागे पडत जाणारा घाट आणि मागून येणारे सोबती त्यात इतके सुंदर दिसतात की, आठवणीसाठी चित्रण करणाराने तो एकदा तरी करून पाहावा.

छातीवर पट्ट्यांनी बांधायचा कॅमेरा ताठ बसून चालवायच्या गाड्यांवर उत्कृष्ट चित्र देतो. चौकटीत हात, हँडल व रस्ता तिन्ही येतात, आणि मुख्य म्हणजे माणसाचे शरीर स्वतःच मऊ रबराचे काम करून एंजिनाचा कंप गिळून टाकते. पुढे वाकून चालवायच्या गाडीवर हीच जागा निरुपयोगी ठरते, कारण चित्रात टाकीशिवाय काहीच येत नाही. आणि पडल्यास कठीण वस्तू छातीच्या हाडावर दाबली जाण्याचा धोका कोणत्याही गाडीवर असतोच.

गाडीवर बसवलेला कॅमेरा आणि अंगावरचा कॅमेरा यांत आणखी एक भेद आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने मुंबई-पुण्याचा मोटारसायकलस्वार खंडाळ्याच्या घाटातून जुन्या रस्त्यानेच जातो. तेथील ३० मीटर त्रिज्येचे एखादे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेतले, तर तोल सांभाळण्यासाठी गाडीला सुमारे २३ अंश कलावे लागते. गाडीवरचा कॅमेरा तितकाच कलतो आणि चित्रातील क्षितिज तिरपे होते. स्वार मात्र आपली मान नकळत सरळ ठेवतो. मोटोजीपी शर्यतींत कल ६० अंशांपलीकडे जातो, आणि क्षितिज सरळ राखून गाडी कलताना दाखवणारा, घूर्णदर्शकावर तोललेला कॅमेरा २०१० च्या सुमारास तेथे आला, तेव्हाच घरबसल्या प्रेक्षकाला त्या कलण्याचे खरे स्वरूप उमगले. हल्लीच्या ॲक्शन कॅमेऱ्यांत क्षितिज सरळ ठेवण्याची सोय गणिताने केलेली असते. घाटात ती बंद ठेवावी असा माझा कल आहे. वळणावर तिरपे होणारे क्षितिज हाच मोटारसायकलच्या प्रवासाचा आत्मा आहे.

६. हेल्मेटचा प्रश्न

चित्राच्या दृष्टीने पाहिले तर हेल्मेटची हनुवटी ही सर्वोत्तम जागा. मान आणि पाठ कंप शोषतात, कॅमेरा डोळ्यांच्या जवळ असतो, स्वार जिकडे पाहील तिकडे चित्र वळते. तरीही या जागेविषयी मला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो, आणि तो मनापासून द्यावासा वाटतो.

हेल्मेटचे बाहेरचे कवच गुळगुळीत व गोलाकार असते ते शोभेसाठी नव्हे. डोके रस्त्यावर आपटल्यावर ते घसरत जावे, कोठे अडकून मानेला पीळ बसू नये, हा त्यामागील हेतू. कवचाबाहेर आलेली कठीण वस्तू या हेतूलाच बाधा आणते; ती रस्त्यात अडकली तर डोक्याला झटका देऊन फिरवू शकते. युरोपात प्रचलित असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या २२ क्रमांकाच्या नियमावलीत कवचावरील उंचवट्यांची स्वतंत्र परीक्षा ठेवली आहे ती याच भीतीपोटी. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये हेल्मेट सक्तीचे असून ते भारतीय मानक ४१५१ प्रमाणे असावे लागते. आणि २०२२ साली केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांना दंडाची व परवाना निलंबनाची ताकीद दिली होती. ज्या राज्यातून प्रवास करायचा, तेथील अंमल आधी विचारून घ्यावा.

इतके असूनही कोणाला हेल्मेटवरच लावायचा असेल, तर माथ्यावर कदापि लावू नये, कवचाला भोक पाडू नये, लोखंडी बोल्ट वापरू नये. केवळ चिकटपट्टीवर बसणारा, जोराचा आघात होताच सुटून जाईल असा हलका आधार हनुवटीवर घ्यावा. पट्टी लावण्यापूर्वी जागा पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नये, कारण कवचाचे प्लॅस्टिक त्याने दुर्बळ होऊ शकते. साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, आणि चिकटवल्यानंतर एक अहोरात्र तिला हात लावू नये.

७. यंत्राने चित्र स्थिर करणे

“आता कॅमेरे स्वतःच चित्र स्थिर करतात, मग बैठकीचा एवढा बडिवार कशाला?” हा आक्षेप रास्त आहे. २०१८ च्या गोप्रो हिरो ७ पासून हे तंत्र खरोखरच विस्मयकारक झाले. कॅमेऱ्यातील घूर्णसंवेदक प्रत्येक हालचाल मोजतो, आणि चित्राच्या कडांची थोडी पट्टी राखीव ठेवून उरलेली चौकट उलट दिशेने सरकवली जाते. खड्ड्यांचे धक्के, मानेचे हेलकावे यांना हा उपाय रामबाण आहे.

परंतु एक चित्र उघडे असताना त्याच्या आतच जो फराटा उमटतो, तो कोणत्याही सरकवासरकवीने पुसला जात नाही. भर उन्हात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा हजारावा भाग उघडा असतो. तेवढ्यात ५० हर्ट्झच्या कंपाचा विसावा हिस्सा होतो, म्हणून चित्र स्वच्छ येते. सूर्य मावळल्यावर प्रकाश कमी पडतो आणि कॅमेरा सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत उघडा राहू लागतो. तेवढ्यात जवळजवळ पूर्ण आवर्तन होते आणि प्रत्येक चित्र माखल्यासारखे दिसते. दुपारी उत्तम चाललेला कॅमेरा संध्याकाळी बिघडला असे वाटते ते यामुळे. चित्रपटवाले गती मुलायम दिसावी म्हणून भिंगावर काळसर काच लावून हा अवधी मुद्दाम वाढवतात. ती काच हँडलवरच्या कॅमेऱ्याला लावू नये.

८. बसवण्याची रीत

क्लॅम्प आणि नळी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. त्याने पकड घसरत नाही आणि रंगही खरवडत नाही. बोटाने फिरवायच्या स्क्रूपेक्षा ॲलन कीने आवळायचे स्क्रू चांगले, आणि कंपाने ते ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर पुन्हा सोडवता येण्याजोग्या ताकदीच्या लॉकटाइटचा थेंब सोडावा. प्लॅस्टिकच्या भागांना मात्र हे द्रव लागू देऊ नये.

मग एंजिन बंद ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. क्लचची वायर, ब्रेकची नळी, टाकी यांपैकी कशालाही कॅमेरा वा त्याचा आधार स्पर्श करीत असेल, तर ती जागा तत्काळ सोडावी. हेडलाइट, इंडिकेटर आणि वेगमापक झाकले जाता कामा नयेत. कॅमेऱ्याला एक मजबूत दोरी बांधून तिचे दुसरे टोक सांगाड्याला अडकवावे; आधार तुटला तरी कॅमेरा मागून येणाऱ्या स्वाराच्या चाकाखाली जाणार नाही. ही दोरी आखूड असावी, चाकात वा साखळीत गुंतण्याइतकी लांब नसावी. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून सर्व स्क्रू पुन्हा तपासावेत. चाचणीचे चित्रण कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर पाहून समाधान मानू नये, कारण थरथर तेथे दिसतच नाही.

चालत्या गाडीवर कॅमेऱ्याला हात लावू नये, हे सांगण्याची वास्तविक गरज नसावी, परंतु सांगतो.

९. वीज, कार्ड आणि पाऊस

४के चित्रण सेकंदाला ६० मेगाबिट गतीने साठवले जाते असे धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेसात मेगाबाइट, तासाला २७ गिगाबाइट. पुण्याहून महाबळेश्वरला जायला तीन तास लागले, तर ८१ गिगाबाइट झाले. तेव्हा १२८ चे कार्ड घ्यावे, आणि त्यावर ‘व्ही ३०’ ही खूण पाहून घ्यावी. ती खूण सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देते.

कॅमेऱ्याची बॅटरी इतका वेळ टिकत नाही. गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून ५ व्होल्टचा पुरवठा घेता येतो, परंतु ती तार किल्ली बंद केल्यावर निर्वीज होणारी असावी आणि मध्ये फ्यूज असावा. नाहीतर रात्रभरात गाडीची बॅटरी उतरते. बहुतेक ॲक्शन कॅमेरे पाण्यात टिकणारे असले, तरी विजेची तार जोडण्यासाठी बाजूचे झाकण उघडले की ते संरक्षण संपते, ही गोष्ट पावसाळ्यात आंबोलीला निघालेल्या मंडळींच्या ध्यानात राहत नाही. तार जाऊ देणारे पाणबंद झाकण वेगळे मिळते. ते घ्यावे किंवा पावसात बॅटरीवरच काम भागवावे.

आवाजाबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यातील माइकवर वारा आदळून केवळ घोंगावणे ऐकू येते. बोलणे टिपायचे असेल, तर हेल्मेटमध्ये गालाच्या गादीआड बसणारा लहान माइक वापरावा.

१०. चित्रणाचा पुरावा

अपघातानंतर आपल्याजवळ चित्रण आहे म्हणजे सर्व काही सिद्ध झाले, अशी समजूत असते. न्यायालयापुढे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज दाखल करण्याची रीत ठरलेली आहे. पूर्वी ती १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय आपल्याच जालन्यातील एका निवडणूक तंट्यातून निघाला. १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, नक्कल दाखल करायची तर विहित दाखला अनिवार्य आहे. मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः साक्षीला उभे राहून हजर केले, तर त्याची गरज नाही. त्या तंट्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वादाचा मुद्दा होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रण पुराव्यात आले होते. वेळेवर केवढी भिस्त असू शकते हे यावरून दिसेल. म्हणून कॅमेऱ्यातील घड्याळ आणि तारीख बिनचूक लावलेली असणे ही साक्षीची पहिली अट समजावी. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही कॅमेऱ्यांत ही तारीख-वेळ पुसली जाते.

अपघात घडल्यास आधी जखमींची व्यवस्था पाहावी. मग कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्यावे, कारण डॅशकॅम चालूच राहिला तर नवे चित्रण जुन्यावर लिहिले जाते. चित्रणाची कापाकापी करू नये, नाव बदलू नये, ते कोणत्याही संदेशसेवेवरून पाठवून तीच प्रत जपू नये. पाठवताना ती आकुंचित होते आणि आपण हिशेब करून मिळवलेले फलकावरचे नऊ बिंदू त्यात नाहीसे होतात. संगणकावर एक प्रत काढून घ्यावी आणि मूळ कार्ड पाकिटात घालून, वर तारीख, वेळ, स्थळ लिहून बाजूला ठेवावे. पोलिसांनी पंचनाम्यासाठी कार्ड मागितले, तर ते पोच घेऊनच द्यावे.